मामानी आंडेर

श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी आमच्या दोंडाईच्याच्या घरी सगळे भाऊबंद जमले होते. पुतण्याची मुलगी ओसरीवर वही घेऊन बसली होती. इंग्रजी माध्यमात सातवीला आहे आणि तिला 'माझं कुटुंब' या विषयावर निबंध लिहून न्यायचा होता. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. एका पानात 'आंटी' सात वेळा आलं होतं आणि 'कझिन' अकरा वेळा.

समोर गहू निवडत बसलेली तिची काकू, दाराशी चहाचे कप घेऊन उभी असलेली तिची आत्या, जिला आमच्या अहिराणीत फुई म्हणतात, आणि शेजारच्या गावाहून सहज भेटायला आलेली मावशी, तिघीही 'आंटी'. पण कानबाईच्या रोटांपुढे हा शब्द चालत नाही. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून रोटाचे गहू घेतात आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ते रोट भाऊबंदांतच खायचे. काकू दुसऱ्या गावची, दुसऱ्या कुळातली, पण लग्न करून आली म्हणून ती रोट खाते. फुई याच ओसरीवर रांगली, पण लग्न करून गेली म्हणून तिला रोट नाही. सून म्हणून ही रीत मला गोड वाटली होती. स्वतःच्या माहेरच्या रोटांच्या दिवशी मात्र त्याच रीतीने माझ्या डोळ्यांत पाणी आणलं आहे.

पोरीने मान वर करून विचारलं, "आजी, फुईला इंग्लिशमध्ये काय म्हणू?" मला आठवल्या त्या इरावती कर्वे. सत्तरेक वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता, तो एका ओसरीपुरता नव्हे तर अख्ख्या हिंदुस्थानापुरता. पंजाबातली 'बुआ', तमिळनाडूतली 'अत्तै', आपली आत्या, खानदेशातली फुई, यांची नाती इंग्रजीत लिहायची तर लिहायची कशी? त्यांनी ते लिहिलं. १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापलेला 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा त्यांचा ग्रंथ आजही नातेसंबंधांच्या अभ्यासात पायाचा मानला जातो. नावात जड शास्त्र असलं तरी विषय आपल्या ओसरीवरचाच आहे: कोणाला काय हाक मारायची, कोणाशी लग्न चालतं, आणि मुलगी सासरी जाते तेव्हा ती ओळखीच्यांत जाते की परक्यांत.

इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशातला, १५ डिसेंबर १९०५चा, म्यिंजान गावचा. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तिथल्या कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. इरावती नदीच्या काठचं हे गाव ब्रह्मदेशाच्या कोरड्या, कमी पावसाच्या पट्ट्यात येतं. तिथे कापूस पिकतो. दोंडाईच्यात ज्यांनी जिनिंगचा भोंगा ऐकला आहे आणि सरकीचा वास घेतला आहे, त्यांना ते गाव फार परकं वाटायचं नाही. पाच भावांत ही एकच मुलगी. नाव ठेवलं नदीचं. मला या नावाचं अप्रूप यासाठी वाटतं, की पंजाबातल्या रावी नदीचंही जुनं संस्कृत नाव इरावतीच. एका नावात देशाची दोन टोकं बांधलेली, आणि पुढे या बाईंनी आयुष्यभर केलं काय, तर देशाच्या टोकाटोकांची नाती एका पटावर मांडली.

ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तो वेगळा झाला १९३७मध्ये. मराठी माणसाला तो परमुलूख असला तरी अनोळखी नव्हता. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत कैदेत होता, आणि लोकमान्य टिळक १९०८पासून १९१४पर्यंत मंडालेच्या तुरुंगात. छोटी इरावती म्यिंजानला खेळत होती, त्याच सुमारास त्याच नदीच्या वरच्या अंगाला टिळक 'गीतारहस्य' लिहीत होते. टिळकांनी 'ओरायन' आणि 'आर्क्टिक होम' हे वेदांच्या काळाविषयीचे ग्रंथ इंग्रजीत लिहिले, कारण ते जगभरच्या पंडितांना सांगायचे होते. 'गीतारहस्य' मात्र मराठीत, कारण ते आपल्या माणसांना सांगायचं होतं. कोणती गोष्ट कोणत्या भाषेत, याचा असा सरळ निवाडा पुढे इरावतीबाईंच्या लेखनातही दिसतो.

सात वर्षांची असताना तिला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि तिच्यामुळे रँग्लर परांजप्यांचं घर. या मुलीची भाऊबंदकी दूर राहिली आणि ती वाढली मानलेल्या नात्यात. नात्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईचं बालपण असं गेलं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्याला सगळं घरबसल्या मिळतं तो नाती मोजत बसत नाही.

फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आल्या आणि एम.ए.साठी चित्पावनांवर प्रबंध लिहिला. चित्पावन म्हणजे त्यांची स्वतःची जात. म्हणजे पहिलंच शास्त्रीय लेखन आपल्या घराविषयी, आणि तेही इंग्रजीत. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव दिनकर, जे रसायनशास्त्र शिकवत, त्यांच्याशी लग्न झालं. १९२८मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

बर्लिनची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. ज्या संस्थेत त्या शिकल्या तिचे प्रमुख ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे शास्त्रज्ञ होते, आणि पुढे नाझींच्या वंशधोरणाला त्यांच्याच विद्येचा आधार मिळाला. इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीची डावी-उजवी बाजू किती असमान असते हा. गोऱ्या वंशाच्या कवटीत काही निराळं वैशिष्ट्य सापडावं अशी गुरूंची अपेक्षा होती. यांनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला, की या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आतबाहेर होतं. १९३०मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. पुण्यात स्कूटरवरून फिरणाऱ्या बाई म्हणून इरावतीबाईंच्या आठवणी लोक कौतुकाने सांगतात. मला त्या स्कूटरपेक्षा ही कवटीची मोजमापं जास्त धाडसाची वाटतात.

परतल्यावर काही वर्षं त्यांनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात प्रबंधक म्हणून काम केलं. १९३९मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. तिथे शेजारी भाषाशास्त्राचे कत्रे आणि पुरातत्त्वाचे सांकळिया. एकीकडे शब्द, दुसरीकडे जमिनीतून निघालेली हाडं, मधे इरावतीबाई. त्यांच्या 'किनशिप'चा कणा शब्दांचाच आहे. त्यांनी प्रांताप्रांतातले नात्यांचे शब्द गोळा केले आणि इंग्रजी पुस्तकात ते जसेच्या तसे ठेवले. काकू, मामी, मावशी, आत्या यांचं इंग्रजी करायचा हट्ट धरला नाही. प्रत्येक शब्दापुढे तो कोणाकोणाला लावतात हे फोड करून लिहिलं: बापाची बहीण, आईच्या भावाची बायको, आणि असं पुढे. इंग्रजीत शब्द नसल्यामुळे फोड करावी लागली, आणि फोड केल्यामुळे आपण रोज वापरतो त्या शब्दांच्या पोटात काय दडलं आहे ते उघड्यावर आलं. मराठीत लिहिलं असतं तर 'आत्या' लिहून पुढे गेल्या असत्या. वाचकालाही पुरलं असतं.

दडलेलं काय होतं, त्याचा एक नमुना. आमच्या आजीच्या पिढीत सून सासूला 'आत्याबाई' म्हणायची आणि सासऱ्याला 'मामंजी'. का? सासू ही आत्या कधी होते? मुलगी आत्याच्या घरी दिली तर. मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याने मामाची मुलगी केली. अहिराणीत सांगायचं तर 'मामानी आंडेर', मामाची लेक. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानत, आणि मामाने दुसरीकडे दिली तर रुसवेफुगवे होत. ज्या घरांत असं लग्न होत नव्हतं, तिथेही सुनेच्या तोंडात हाक तीच राहिली. 'मेहुणी' या शब्दाचंही तसंच. जुन्या प्राकृतात त्याच शब्दाचं पूर्वरूप बायकोच्या बहिणीला लागत असे आणि मामाच्या मुलीलाही. मामाची एक मुलगी बायको झाली की उरलेल्या मेहुण्या होणारच. रीत विरते, शब्द उरतो. इरावतीबाईंनी अशा उरलेल्या शब्दांवरून विरलेल्या रीती हुडकल्या.

त्यांनी देशाचे नात्यांच्या दृष्टीने ढोबळ पट्टे पाडले. उत्तरेत मुलगी द्यायची ती दूर, परक्या गावात, रक्ताचं नातं टाळून. गावातल्या सगळ्या मुली बहिणी. म्हणून तिथे सासर म्हणजे अनोळखी माणसं, घुंघट, आणि माहेरच्या आठवणीची गाणी. दक्षिणेत उलट. मामाची मुलगी, आत्याची मुलगी, कित्येक जातींत सख्ख्या बहिणीची मुलगीसुद्धा करतात. तिथे सासू आधीच आत्या किंवा आजी असते. मुलगी ज्या घरी जाते त्या घरात ती लहानपणी खेळलेली असते. उत्तरेतलं लग्न नवं नातं जोडतं, दक्षिणेतलं लग्न जुनं नातं घट्ट करतं. पूर्वेकडच्या मुंडा आणि इतर आदिवासी समाजांचा पट्टा त्यांनी वेगळा काढला. आणि मधल्या पट्ट्यात, जिथे दोन्ही रीती एकमेकींत मिसळतात, महाराष्ट्र ठेवला. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी करायला पुष्कळ जाती नाखूश. म्हणजे अर्धी दक्षिण, अर्धी उत्तर. अक्का, अण्णा, अप्पा हे दक्षिणेचे शब्द आपल्या घरांत आहेत, आणि काका, मामा हे उत्तरेचेही.

हे वाचलं तेव्हा मला माझं गाव नव्याने दिसलं. दोंडाईचा तापीच्या खोऱ्यात, सुरत-भुसावळ रेल्वेवर. एका अंगाला गुजरात, वर सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेश. एका गल्लीत राजपुतांची घरं, पुढे मारवाड्यांची पेढी, त्यापुढे मराठा-कुणबी, माळी, आणि गावाबाहेर भिल्लांची वस्ती. राजपूत शेजारणीपुढे मामाच्या मुलीशी लग्नाची गोष्ट काढली की ती तोंडाला पदर लावते, कारण तिच्याकडे ती बहीण. तिच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात मात्र मामाची मुलगी सून होऊन आली आहे आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. वर्षानुवर्षं आम्ही हे 'त्यांची रीत वेगळी' म्हणून सोडून देत होतो. उत्तर-दक्षिणेची ती सीमा आमच्या गल्लीतूनच जाते हे मला एका इंग्रजी पुस्तकाने सांगितलं.

बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने आली १९५२मध्ये, आणि इरावतीबाईंचा हा ग्रंथ १९५३मध्ये. बहिणाबाई आसोद्याच्या, अक्षरओळख नसलेल्या, आणि गाणी छापून आली तेव्हा त्या हयात नव्हत्या. इरावतीबाई बर्लिनच्या डॉक्टर. दोघींचा विषय एकच: बाईचं सासर आणि माहेर. जोग्याच्या प्रश्नाला बहिणाबाईंच्या सासुरवाशिणीने दिलेलं उत्तर, 'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते', खानदेशात सगळ्यांना पाठ आहे, आणि इरावतीबाईंच्या तक्त्यांतही मला तेच उत्तर दिसतं. फक्त तिथे ते ओवीत नाही, रकान्यांत आहे.

मग इंग्रजीच का? या प्रश्नाला अनेक जण 'त्या काळी विद्वत्तेची भाषा तीच' असं म्हणून हात झटकतात. मला ते अपुरं वाटतं. पंडिता रमाबाईंचं उदाहरण शेजारी ठेवून पाहा. १८८७मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' छापलं. ते अमेरिकेतल्या बायकांसाठी होतं. उच्चवर्णीय हिंदू विधवेचं दुःख त्यांना कळावं आणि मदत मिळावी हा त्यामागचा हेतू, आणि त्या मदतीतूनच १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. तिथे इंग्रजी ही परक्याच्या दारावरची थाप होती. इरावतीबाईंचा वाचक मात्र परका नव्हता. उत्तर प्रदेशातल्या अभ्यासकाला तमिळनाडूतलं लग्न कळावं, केरळातल्याला राजस्थानातला घुंघट कळावा, तर त्यांना मराठीत सांगून भागणार नव्हतं. त्यांची इंग्रजी ही भारतीयाने भारतीयाशी बोलण्याची इंग्रजी होती. त्यामुळे तिच्यात माफी मागण्याचा किंवा घर सजवून दाखवण्याचा सूर नाही.

ज्या ब्रह्मदेशात इरावतीबाई जन्मल्या तिथल्याच मी मी खाइंग या विदुषीने १९४६मध्ये 'बर्मीज फॅमिली' हे पुस्तक इंग्रजीत लिहिलं आणि आपल्या घरातलं जगणं बाहेरच्यांपुढे मांडलं. तिच्या समाजात आडनावच नसतं. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, आणि मुलाचं नाव बापाच्या नावावरून ओळखता येत नाही. पण नावापुढे जी आदराची अक्षरं लागतात ती नात्यांची असतात. मोठ्या पुरुषाला 'ऊ' म्हणजे काका-मामा, मोठ्या बाईला 'दॉ' म्हणजे मावशी-आत्या. बातम्यांत आंग सान सू ची यांच्या नावाआधी येतं ते 'दॉ' हेच. आपल्याकडे आडनाव कुळ सांगतं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव मधे बसतं. ब्रह्मी माणूस एकट्याचं नाव घेऊन फिरतो, पण अख्खं गाव त्याला नात्यानेच हाक मारतं.

मधलं नाव काय करतं हे इरावतीबाईंनी मराठीत लिहिलं, 'परिपूर्ती' या लेखात. सभेत त्यांची ओळख करून देतात ती महर्षींची सून म्हणून, प्राचार्यांची बायको म्हणून. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत असतं. मग रस्त्यात काही पोरं त्यांच्याकडे बोट दाखवून बोलतात, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तिथे त्यांची ओळख पुरी होते. हा लेख वाचताना दरवेळी मी थबकते. ज्या बाईने बापाची बहीण आणि आईच्या भावाची बायको यांचे तक्ते केले, तिने स्वतःचं नातं सांगायला तक्ता वापरला नाही, आणि इंग्रजीही वापरली नाही. पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालल्याचा अनुभवही त्यांनी आधी मराठीतच लिहिला, आणि महाराष्ट्र म्हणजे काय याचं स्वतःपुरतं उत्तर त्यांना त्या वाटेवर सापडलं. तो लेख पुढे दिनकररावांनी इंग्रजीत नेला आणि १९६२मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासपत्रिकेत आला. 'युगान्त' १९६७मध्ये मराठीत आलं, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि मग १९६९मध्ये इंग्रजीत. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून त्यांनी कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे पाहिलं. पण पाहणारी नजर नात्यांचीच होती: ही कोणाची सून, हिचं माहेर कुठलं, हिला कोणी विचारलं का.

घरातही दोन्ही भाषा नांदल्या. थोरली लेक जाई निंबकर इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणारी. धाकटी गौरी देशपांडे दोन्ही भाषांत लिहिणारी, आणि अरबी रात्रींचे सोळा खंड मराठीत आणणारी.

इरावतीबाईंचं सगळंच आज टिकतं असं नाही. डोकी-नाकं मोजून जातींची मुळं शोधायची पद्धत त्या बर्लिनहून घेऊन आल्या आणि पुष्कळ वर्षं वापरत राहिल्या. ते शास्त्र मागे पडलं, ते बरंच झालं. त्यांच्या मांडणीत संस्कृत ग्रंथांना फार मोठी जागा आहे आणि मुसलमान कुटुंबांना फार थोडी, ही टीकाही मला पटते. पण ज्या घुर्यांकडे त्या शिकल्या, त्यांच्याशी जातीच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेला वाद मला आजही तितकाच जिवंत वाटतो. घुर्यांच्या मते जात ही एका मोठ्या गटाचे तुकडे होत होत बनली. इरावतीबाई म्हणाल्या, कुंभारांकडे पाहा. थोरचाके कुंभार आणि लहानचाके कुंभार यांचं चाक वेगळं, घडवायची रीत वेगळी, आणि बेटीव्यवहार नाही. हे एकाचे तुकडे कसे? निरनिराळे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली आले असणार. चाकावर बसलेल्या माणसाकडे पाहून पोथीतला सिद्धांत तपासणं ही त्यांची खरी विद्या.

त्याच विद्येने त्या आमच्याकडे आल्या. पश्चिम खानदेश म्हणजे आताचे धुळे आणि नंदुरबार जिल्हे. तिथल्या भिल्लांच्या सामाजिक आणि आर्थिक स्थितीचं सर्वेक्षण त्यांनी केलं आणि इंग्रजीत छापलं. कोयनेच्या धरणाने उठवलेल्या गावांचंही केलं. हे अहवाल कोणी लालित्यासाठी वाचत नाही. पण ज्या माणसांची नोंद तलाठ्याच्या दप्तरात फार तर शेतसाऱ्यापुरती असायची, त्यांच्या घरात माणसं किती, जमीन कोणाची, कर्ज कोणाचं, हे विचारायला कोणीतरी दारात गेलं. ११ ऑगस्ट १९७०ला त्या गेल्या. 'गंगाजल' हा लेखसंग्रह त्यांच्या पश्चात आला.

हे सगळं सातवीतल्या पोरीला त्या गडबडीत सांगणं शक्य नव्हतं. कढई चुलीवर होती आणि भाऊबंद पानांवर बसत होते. मी तिला एवढंच म्हटलं, "फुईला फुईच लिही. आणि खाली लिही, म्हणजे बाबांची बहीण, लग्न होऊन शहाद्याला गेली."

तिने 'आंटी' खोडलं. इंग्रजी अक्षरांत फुई लिहिलं, खाली तेवढी एक ओळ लिहिली, आणि पेन्सिल दातांत धरून विचारलं, "आणि आजी, ती रोट खात नाही, हे पण लिहू?"

"लिही," दारातून फुईच म्हणाली.